वाहन क्रमांक टाका

पावणेसहाला पोरं सुटतात फिजिक्समधून
आणि सहाला बसायचं असतं केमिस्ट्रीत.
मधली पंधरा मिनिटं माझी.
म्हणजे चौक माझा, धूळ माझी,
शिट्टीतली थुंकी माझी.

साहेबांचा तोंडी आदेश :
आजपासून फुटपाथवर एकही सायकल दिसता कामा नये.
लेखी द्या म्हणलो, तर हसले.

कारण आहे, खोटं कशाला बोलू.
धोंडिबा सगर, रिटायर तलाठी,
दूध घेऊन जायलते, मागून आली सायकल,
घंटी नाही, ब्रेक नाही.
गुडघ्याची वाटी फुटली.
तेव्हापासून अर्ज करतात, मोत्यासारखं अक्षर,
सातबाऱ्यासारखे रकाने पाडून :
'सदर फुटपाथ हा पायी चालणाऱ्यांच्या वहिवाटीचा असून...'
आणि रोज संध्याकाळी काठी टेकत येतात
अर्जाचं काय झालं बघायला.

आज धरली एक.
निळी सायकल, पुढे जाळीची टोपली, टोपलीत डबा.
देवणीकडची पोरगी, शिवकांता.
'खाली रस्ता नाही का?'
'हाय की. पण तिथून ट्रॅव्हल्स जायल्यात.'
तिचं खोटं नव्हतं.
सगरांचंही नव्हतं.

मशीन काढलं.
मशीन म्हणालं : वाहन क्रमांक टाका.
'नंबर सांग.'
'कशाचा काका? मोबाइलचा का रोल नंबर?'

एकदम बापाचा बिल्ला आठवला.
पितळी, नगरपालिकेचा,
हँडलखाली तारेनं बांधलेला,
दोन हजार दोनशे अठरा.
मी पुढं दांडीवर, आई मागं कॅरियरवर,
गंजगोलाईच्या तोंडाशी हवालदारानं हात आडवा केला.
पावती नाही फाडली त्यानं.
दोन्ही चाकांचे वॉल काढले
आणि खिशात टाकले, फुटाणे टाकावेत तसे.
बाप काही बोलला नाही.
हवा जाताना जो आवाज झाला
तो घरापर्यंत आमच्या मागं चालत आला.

मी दाबलं : दोन, दोन, एक, आठ.
मशीन : नोंद आढळली नाही.

'काका, पाच मिनिटं राहिली. दार लावून घेतेत.'
'उतर खाली. हातात धरून ने.
चालणाऱ्याला कोण अडवायलंय.'

उतरली, निघाली.
सात पावलं गेली असेल.
पुढं रसवंतीच्या खुर्च्या,
मग साडी नेसवलेली बिनडोक्याची बाई दुकानाबाहेर,
मग तिरप्या लावलेल्या फटफट्या
(त्यातली एक आमच्याच खात्यातली),
मग उघड्या दाराची डीपी,
तिच्यात कुणीतरी ठेवलेला चहाचा रिकामा कप.
आणि समोरून सगर तलाठी.

दोघं डीपीपाशी आमनेसामने.
मागं सरायला जागा नाही.
मी शिट्टी तोंडात धरली,
पण वाजवायची कुणासाठी ते सुचेना.

तलाठ्यांनी घंटी आहे का बघितलं. होती.
मग काठी तिच्या टोपलीत उभी केली,
कॅरियर धरला,
आधी बरा पाय, मग तो दुसरा,
आणि फूटभर कठडा उतरून
दोघं रस्त्यावर आले.
'सावकाश' म्हणेल वाटलं होतं पोरगी.
ती म्हणाली, 'आजोबा, लवकर.'

आता फुटपाथवर एकही सायकल नव्हती.
आदेशाचं तंतोतंत पालन.
पायी चालणारंही कुणी नव्हतं,
ते आदेशात नव्हतंच.

मी उतरलो रस्त्यात
आणि पुण्याच्या ट्रॅव्हल्ससमोर हात आडवा केला,
माझ्या बापासमोर केला होता, तसाच.
ड्रायव्हरनं काच खाली करून शिवी हासडली.
ती दोघं पलीकडं जाईपर्यंत
मी ती ऐकत उभा राहिलो.

खिशातलं मशीन
अजून नंबर मागत होतं.